रुग्णालयातील प्रतिजैविक उपचार

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या शरीरातील रोगकारक जिवाणू औषधांनी नष्ट करणे किंवा त्यांची वाढ रोखणे, यास प्रतिजैविक उपचार म्हणतात. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग, रक्तातील जंतुसंसर्ग इत्यादी विकारांत हे उपचार केले जातात. विषाणूजन्य रोगांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही.

इतिहास

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला. हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांच्या ऑक्सफर्ड येथील गटाने ते शुद्ध स्वरूपात मिळवले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते टोचण्यात आले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. परंतु औषधाचा साठा संपला. रुग्णाच्या मूत्रातून पेनिसिलिन परत मिळवूनही ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो मरण पावला. भारतात पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

उपचारपद्धती

शक्यतो पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्त, मूत्र, थुंकी किंवा पू यांचा नमुना तपासणीसाठी घेतात. १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीने जिवाणूंच्या गटाची कल्पना लवकर येते. नमुन्यातील जिवाणू वाढवून ते कोणत्या औषधाला दाद देतात हे समजण्यास मात्र बहुधा दोन-तीन दिवस लागतात. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत तेवढे थांबणे घातक ठरते. म्हणून संसर्गाचे स्थान आणि त्या रुग्णालयात आढळणारे जिवाणू लक्षात घेऊन अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारे औषध तत्काळ सुरू करतात. अहवाल आल्यावर ते बदलून नेमक्या जिवाणूवर चालणारे औषध देतात. संसर्ग नसल्याचे आढळल्यास औषध बंद करतात. साठलेला पू काढणे किंवा दूषित नळी बदलणे हेही तितकेच आवश्यक असते.

मात्रा व दक्षता

गंभीर आजारात औषध प्रथम शिरेतून देतात व प्रकृती सुधारल्यावर शक्य असल्यास गोळ्या सुरू करतात. जेंटामायसिन व व्हँकोमायसिन यांमुळे मूत्रपिंडास इजा होऊ शकते. त्यामुळे त्यांचे रक्तातील प्रमाण तपासले जाते. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी प्राणघातक ठरू शकत असल्याने तिची पूर्वचौकशी करतात.

प्रतिजैविक रोध

अनावश्यक वापरामुळे औषधांना न जुमानणारे जिवाणू टिकून राहतात व वाढतात. शिवाय आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे तीव्र अतिसार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट केले : सर्वसाधारण वापराची, जपून वापरायची आणि अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायची. भारतात १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांना ‘एच-१’ अनुसूची लागू असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास ठेवावी लागते. रुग्णालयात असे जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे बहुधा हातांवाटे पसरतात. म्हणून प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे हा प्रतिबंधाचा सर्वांत सोपा उपाय आहे.