बालशोषणकेंद्री मनोथरार कादंबरी

बालपणी शारीरिक, लैंगिक वा मानसिक छळ सोसलेल्या व्यक्तीच्या प्रौढ मनोव्यापारांतून रहस्य उभारणारा कादंबरीप्रकार. दमित स्मृतीची फ्रॉइडप्रणीत संकल्पना (पहा : मनोविश्लेषण) रूढ झाल्यावर, गुन्हेगाराच्या शोधाइतकाच विस्मृतीचा शोधही कथानकाचे सूत्र होऊ लागला; स्टीफन किंगची ‘जेराल्ड्स गेम’ (१९९२) व गिलियन फ्लिनची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ (२००६) ही याची ठळक अमेरिकन उदाहरणे होत. खंडित कालक्रम, बेभरवशाचा निवेदक, घर हेच घटनास्थळ आणि आप्त हाच बहुधा आरोपी, ही त्याची लक्षणे.

मराठी रहस्यकथेचा (पहा : अर्नाळकर, बाबूराव) भर मुख्यतः गुन्ह्याच्या तपासावर राहिल्याने हा विषय बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहिला; तो प्रभावीपणे आला तो नाटकात, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये, जेथे अभिरूप खटल्याच्या खेळातून नायिका बेणारेबाईंच्या किशोरवयातील मामासंबंधाचे प्रकरण उघड होते.

साहित्यातील या विषयाबाबत भारतात प्रत्यक्ष न्यायव्यवहारात ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ लागू आहे. त्याखालील लैंगिक हल्ल्यास त्वचेचा त्वचेशी स्पर्श आवश्यक मानणारा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला.