फोर्ट स्टिकीन : खाली कापूस, वर दारूगोळा

रायपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही दर १४ एप्रिलला देशभरातल्या अग्निशमन केंद्रांप्रमाणे इथेही मुंबईच्या गोदीत कामी आलेल्या जवानांचे स्मरण होते. त्या दिवशी १९४४ साली अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या शौर्याबद्दल आपण ऐकलेले असते. ज्या जहाजावर ते चढले, त्याची रचना मात्र क्वचितच कोणी सांगतो.

‘फोर्ट स्टिकीन’ १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रुपर्ट इथे बांधले गेले. आकारमान ७,१४२ ग्रॉस टन, लांबी सुमारे ४४० फूट. आराखडा मूळचा इंग्लंडमधल्या संडरलंडचा. अमेरिकेची प्रसिद्ध लिबर्टी जहाजेही त्याच घराण्यातली. पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या, तेव्हा सोपी आणि झटपट बांधता येतील अशी जहाजे हवी होती. म्हणून इंजिन जुन्या पद्धतीचे, वाफेचे. वेग जेमतेम अकरा नॉट.

माल ठेवायला पाच मोठे खण, आणि खणांत मधला डेक, म्हणजे माळ्यासारखा आडवा मजला. तळाशी एक माल, माळ्यावर दुसरा. तोंडाशी डेरिक आणि वाफेवर चालणारे विंच, त्यामुळे क्रेन नसलेल्या बंदरातही जहाज स्वतःचा माल स्वतः उतरवी. धान्य, विमाने, लाकूड, बॉम्ब, काहीही चाले. हाच त्याचा मोठा गुण.

बर्केनहेडहून निघताना जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, शिवाय विमाने आणि सोन्याच्या विटा. कराचीत विमाने उतरली. रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार असे बरेच काही भरले. दुसऱ्या खणात तळाशी कापूस आला आणि वरच्या मजल्यात स्फोटके.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत त्याच खणातून धूर दिसला. आग कशी लागली हे निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. ती कुठे पोहोचणार हे मात्र मालाच्या रचनेनेच ठरवले होते. शेकडो टन पाणी आत सोडले, पण दाबलेल्या गाठीच्या पोटातली धग बाहेरच्या पाण्याने विझत नाही, आणि कापूस पाण्यावर तरंगतो. खाली भट्टी, वर दारूगोळा. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली.

फौजेत दारूगोळा आणि इंधन एका गाडीत भरू देत नाहीत, तेव्हा नव्या पोरांना ती कागदी कटकट वाटते. त्यांना हे जहाज सांगावे. ‘फोर्ट स्टिकीन’च्या आराखड्यात दोष नव्हता. मधला डेक माल वेगळा ठेवायलाच होता. पण पोलादी मजला फक्त जागा देतो. कशावर काय ठेवायचे, हे भरणाऱ्यालाच ठरवावे लागते. ते चुकले, की किंमत पाण्याचा पाइप घेऊन धावणारा देतो.