‘हे’ म्हणजे कोण?

‘हे शेतावर गेलेत’, ‘तिकडून निरोप आलाय’, असं आपण सहज बोलतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच, ही जुनी रीत. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली छापल्या गेल्या. त्यांत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मात्र सरळ ‘टिळक’. त्यानं आदर उणावला नाही, माणूस कोण ते कळलं.

घरात ‘हे’ असू द्यात. पण गटाच्या बैठकीत ‘ह्यांना जरा पैसे लागलेत’ एवढ्यावर आम्ही कर्ज लिहीत नाही. किती, कशासाठी, फेडणार कोण, हे विचारतोच. ‘जरा’चा आकडा मोघम राहिला, तरी सही आपली असते आणि हप्ताही आपल्याच माथी येतो.