तळहात पिवळे, पण डोळे पांढरेच? गाजर-पपई जास्त खाल्ल्याने होणारा कॅरोटिनेमिया

थंडी पडली की नाशिकच्या बाजारात गाजरांचे ढीग लागतात. हलवा होतो, कोशिंबीर होते आणि हल्ली रोज सकाळी ग्लासभर रसही होतो. काही आठवड्यांनी तळहात पिवळसर दिसू लागतात आणि घरात पहिला शब्द निघतो, 'कावीळ'. प्रत्येक वेळी ती कावीळच असते का?

कॅरोटिनेमिया म्हणजे काय?

गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा यांचा केशरी-पिवळा रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येतो. पालक, मेथी, शेवग्याच्या पानांतही ती भरपूर असतात, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. ही द्रव्यं शरीराच्या गरजेपेक्षा जास्त झाली की रक्तात वाढतात आणि त्वचेच्या वरच्या थरात साठतात. तळहात, तळपाय आणि नाकाच्या कडेला रंग आधी दिसतो. वैद्यकीय साहित्यात या अवस्थेचं वर्णन १९१९ पासून आहे.

१०० ग्रॅम केशरी गाजरात साधारण ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असतं. रोज ३०० ते ४०० ग्रॅम गाजर काही आठवडे खाल्लं, तर रंग दिसू शकतो. एवढं गाजर चावून खाणं अवघड, पण रसातून सहज पोटात जातं. शिजवलेल्या, कुस्करलेल्या आणि तेल-तूप घातलेल्या पदार्थांतून कॅरोटिन जास्त शोषलं जातं. म्हणून गाजर-भोपळ्याची पेज खाणाऱ्या लहान बाळांमध्ये हा प्रकार बऱ्याचदा दिसतो.

टोमॅटोनेही रंग बदलतो?

हो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्या टोमॅटोचे क्रेट लागतात, त्याचा लाल रंग लायकोपिनचा. तेही कॅरोटिनॉइडच. अनेक वर्षं रोज सुमारे २ लिटर टोमॅटोचा रस पिणाऱ्या एका अमेरिकी महिलेच्या त्वचेवर नारिंगी छटा आल्याची नोंद १९६० साली प्रसिद्ध झाली. भाजी-आमटीतल्या टोमॅटोने असं होत नाही.

कावीळ कशी ओळखायची?

उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. कॅरोटिनेमियात तो पांढराच राहतो. काविळीत तो पिवळा होतो, कारण रक्तात बिलिरुबिन वाढलेलं असतं. त्यासोबत लघवी गडद होणं, शौचाचा रंग फिका पडणं, मळमळ, भूक जाणं, अंगाला खाज अशी लक्षणं दिसू शकतात. शंका असेल तर रक्तातल्या बिलिरुबिनची साधी तपासणी उत्तर देते.

नवजात बाळाला मात्र हा नियम लावू नका. वरचं अन्न सुरू होण्याआधीच बाळ पिवळं दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

माळ घातल्याने 'कावीळ' उतरते का?

आपल्याकडे कावीळ उतरवून घेण्याची, माळ घालण्याची प्रथा अजून आहे. पथ्य म्हणून पिवळे पदार्थही बंद केले जातात. त्रास मुळात गाजराचा असेल, तर गाजर थांबल्यावर रंग आपोआप उतरतो आणि श्रेय माळेला जातं. हिपॅटायटिस 'ए'ची कावीळही बहुतेकांत आपोआप बरी होते. पण पित्तनलिकेत अडकलेला खडा, हिपॅटायटिस 'बी' किंवा गरोदरपणातली हिपॅटायटिस 'ई' माळेची वाट पाहत नाही. तिथे गेलेले दिवस जिवावर बेतू शकतात.

यामुळे अपाय होतो का?

अन्नातून आलेल्या कॅरोटिनचा सहसा अपाय होत नाही. शरीर त्यातून लागेल तेवढंच 'अ' जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे गाजर खाऊन त्याची विषबाधा होत नाही. तो धोका तयार 'अ' जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांचा असतो.

गोळ्यांचा आणखी एक धोका धूम्रपान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं. फायदा होईल या अपेक्षेने दिलेली गोळी उलटली. म्हणजे 'नैसर्गिक' लिहिलेली प्रत्येक बाटली गाजराइतकी निरुपद्रवी नसते.

मग करायचं काय?

- डोळे पांढरे आणि तब्येत ठणठणीत असेल, तर रस बंद करा आणि केशरी भाज्या-फळांचं प्रमाण कमी करा. त्या पूर्ण सोडायची गरज नाही.
- रंग एका दिवसात जात नाही. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. औषधाची गरज नसते.
- फार गाजर-पपई न खाताही तळहात पिवळे दिसत असतील, तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड मंदावणं, मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही कॅरोटिन रक्तात साठतं.
- डोळे पिवळे असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हळदीला दोष देऊ नका. तिचा पिवळा रंग करक्युमिनचा, कॅरोटिनचा नव्हे.