कानात धडधड ऐकू येते? आधी मनगटावर बोट ठेवा

मीरा रोडला खरी शांतता रात्री बारानंतरच होते. रिक्षांचे हॉर्न थांबतात, वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद होतो. आपण उशीवर डोकं टेकतो आणि कानात सुरू होतं: शूं… शूं… शूं… जणू आतच कोणी पंप चालवतोय. आमच्या उजव्या कानात हा आवाज तीन वर्षांपासून आहे. पहिले सात-आठ महिने आम्ही तो कोणाला नीट सांगितलाच नाही. सांगितला तोही चुकीच्या शब्दांत.

घरात उर्दू बोलणारे आपण पटकन म्हणतो, "कान बजता है." मराठीत म्हणतो, कान वाजतो. आम्हीही एका दवाखान्यात तेच सांगितलं. "टेन्शन घेऊ नका, झोप वाढवा, सवय होईल" असं ऐकून आणि गोळ्या घेऊन घरी आलो. डॉक्टरांची एकट्याची चूक नव्हती. कान वाजणं म्हटलं की बहुतेकांना सलग टीं-टीं किंवा रातकिड्यासारखा आवाज होतो. तो बऱ्याचदा वयाने, गोंगाटाने किंवा ऐकू कमी येण्याने येतो आणि त्यावर खरोखरच सवयीचा उपाय चालतो. पण नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज ही वेगळी तक्रार आहे. तिच्यामागे अनेकदा शोधून सापडणारं कारण असतं. काही कारणं साधी असतात, काही डोळ्यांवर किंवा मेंदूवर बेतणारी.

इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही कानातल्या आवाजांवर वेगळा भाग आहे आणि तिथे गुणगुण, घणघण, शीळ यांना निरनिराळे शब्द आहेत. हजार वर्षांपूर्वीचा हकीम आवाजांत फरक करत होता. आपण मात्र सगळ्याला एकच शब्द वापरतो.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. आवाज चालू असताना मनगटावर दोन बोटं ठेवा. ठोका आणि आवाज बरोबर पडतात का ते मिनिटभर पाहा. पडत असतील तर डॉक्टरांना नेमकं हेच सांगा: "आवाज नाडीबरोबर येतो." सोबत कोणता कान, कधीपासून, मान वळवली की बदलतो का, वाकल्यावर वाढतो का, हेही सांगा. मान दाबून पाहणं मात्र डॉक्टरांवर सोडा. घरी प्रयोग नको.

हा आवाज येतो कुठून? मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी कानाच्या आतल्या भागाला अगदी लागून जाते. रक्त परत आणणारी मोठी शीर कानामागच्या हाडातून आणि मधल्या कानाच्या तळाखालून उतरते. सोसायटीच्या टाकीत पाणी सोडलं की पाइप गप्प असतो, पण वॉल्व्ह अर्धा बंद असला की तोच पाइप घरघरतो. रक्ताचंही तसंच आहे. वाट अरुंद झाली, प्रवाह जोराचा झाला किंवा मधलं हाड पातळ असलं की कान ते ऐकतो. कधी दोष कानाचाच असतो. मळ साचला किंवा पडद्यामागे पाणी झालं की बाहेरचे आवाज कमी होतात आणि आतले मोठे वाटतात. म्हणूनच कानात बोट घातलं की हा आवाज कमी न होता वाढतो. कापसाचे बोळे घालून झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सगळ्यात आधी स्वस्त तपासण्या कराव्यात: रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानात पाहणं. रक्त कमी असलं की हृदय ते जोराने फिरवतं आणि कानात धडधड ऐकू येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्या घरात दोघी असतील तर एकीला तो असण्याची शक्यता आहे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर काहींचा आवाज आपोआप जातो. फक्त गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. (आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगून सांगून थकलो.) थायरॉइड वाढलेलं असेल तर त्याच्या औषधाने फरक पडतो. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं म्हणूनही असा आवाज येतो आणि बाळंतपणानंतर बहुधा थांबतो. पण त्यासोबत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, रक्तदाब वाढला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसलो ते. डोक्याच्या आतल्या पाण्याचा दाब वाढण्याचा एक आजार आहे. तो मुख्यतः तरुण आणि मध्यम वयाच्या स्त्रियांत, त्यातही वजन वाढलेल्यांत दिसतो. कानात शूं-शूं, रोजची डोकेदुखी आणि वाकल्यावर किंवा उठताना काही सेकंद डोळ्यांसमोर अंधारी, ही त्याची लक्षणं. मुरुमांसाठीची काही औषधं आणि अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांनीही तो होऊ शकतो, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. हा दाब डोळ्याच्या नसेला सुजवतो. उपचार लांबले तर गेलेली नजर परत येत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्यांत थेंब टाकून पडद्यामागे पाहतात, तेव्हा ही सूज दिसते. एवढ्या साध्या तपासणीला बायका "चष्म्याचा नंबर तर ठीक आहे" म्हणून टाळतात. वेळेत कळलं तर वजन कमी करणं आणि दाब उतरवणारं औषध यांनी बहुतेक वेळा भागतं. कमरेतून पाणी काढून दाब मोजावा लागतो. त्याने माणूस लुळा पडतो, ही भीती आम्ही नात्यातच ऐकली आहे. ती खरी नाही.

बाकीची कारणं कमी दिसतात, पण असतात. मानेतल्या धमनीत चरबी साचणं हे वय, मधुमेह, तंबाखू असलेल्यांत. धमनी आणि शीर यांच्यात चुकीचा जोड तयार होणं. पडद्यामागे रक्तवाहिन्यांची लालसर गाठ, जी सहसा हळू वाढते. या शेवटच्यासाठी एक विनंती: स्टेशनबाहेर कान साफ करून देणाऱ्यांकडे असा कान मुळीच देऊ नका.

१८१६ साली लानेक या फ्रेंच डॉक्टरने स्टेथोस्कोप काढला. आजही हे साधं साधन इथे उपयोगी पडतं. मानेवर किंवा कानामागे लावल्यावर काही रुग्णांचा आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. असं झालं तर तपास पुढे न्यायलाच हवा. पुढची पायरी स्कॅनची. इथे आम्ही स्वतः फसलो. मेंदूचा साधा एमआरआय "नॉर्मल" आला आणि आम्ही सुटलो असं समजलो. धमन्या आणि शिरा दाखवणारा स्कॅन निराळा असतो, आणि कानाच्या हाडाचा सीटी तिसराच. कोणता हवा ते डॉक्टर ठरवतील, पण फॉर्मवर "नाडीबरोबरचा आवाज, उजवा कान" हे शब्द लिहून घ्या. आमच्या बाबतीत कानामागच्या शिरेवरचं हाड पातळ निघालं. धोका नाही, ऑपरेशनची घाई नाही.

मान हिसकल्यावर किंवा अपघातानंतर आवाज अचानक सुरू झाला, मान दुखते, पापणी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तरीही एक-दोन दिवसांच्या आत दाखवा.

धोक्याचं कारण नसेल तेव्हा आवाजाबरोबर राहायला शिकावं लागतं. पूर्ण शांत खोली आपली शत्रू. पंखा चालू ठेवा, हळू आवाजात तिलावत किंवा रेडिओ लावा. उशी थोडी उंच घ्या. सजद्यात डोकं खाली गेलं की आवाज वाढतो, आम्हालाही वाढतो. नुसता आवाज वाढत असेल तर घाबरू नका. पण सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ती वर सांगितलेली खूण आहे. तोवर बसून किंवा इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आजाऱ्याला आहे, आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नका.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर आणि परळचं केईएम ही पालिकेची रुग्णालयं आहेत, दोन्हीकडे कान आणि मेंदू असे दोन्ही विभाग आहेत. श्रवण तपासणीसाठी वांद्र्याला १९८३ पासूनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ मध्ये निधन पावलेले अली यावर जंग, त्यांच्याच नावाची. मीरा रोडहून चर्चगेट लोकलने वांद्रे स्टेशन, तिथून पश्चिमेला रिक्लेमेशनकडे. सकाळी लवकर निघा, आणि जुने रिपोर्ट सगळे सोबत न्या, "नॉर्मल" आलेलेसुद्धा.