चाळिशीपुढची धाव



या मालेत इतिहासावर बोलणारे वक्ते बहुधा राजांवर बोलतात, सरदारांवर बोलतात, निदान एखाद्या किल्ल्यावर तरी बोलतात. मी आज माणसाच्या पायांवर बोलणार आहे, आणि तेही चाळिशी ओलांडलेल्या पायांवर. माझी शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि एस.टी.च्या बाकांवर बसून. तेव्हा माझा इतिहास कामगाराच्या बाजूने वाचलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत हिंडतो. शेचाळिसाव्या वर्षी मी धावावयास लागलो, आणि आज पन्नाशी उलटल्यावरही शर्यतींत उतरतो. प्रथम जव्हारच्या घाटात मला धावताना पाहून लोक थांबत आणि काळजीने विचारीत, “भाऊ, गाडी चुकली का?” त्यात थट्टा नव्हती. कारणावाचून वयस्क माणूस धावतो हेच त्यांना पटण्यासारखे नव्हते. आग लागली, साप चावला, बाळंतीण अडली, तरच आमच्याकडे माणूस धावतो.

या समजुतीला इतिहास आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात उभे राहिले, १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. या साऱ्या डोंगरपट्टीत आणि खाली डहाणू-उंबरगावकडे आदिवासी माणसाच्या पायांवर दुसऱ्याची मालकी असे. तिला वेठ म्हणत. जमीनदाराने बोलावले की हातचे काम टाकून जावयाचे, मोल न घेता राबावयाचे. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने वेठ न करण्याचा निश्चय लोकांकडून करविला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे हजारो माणसे जमली. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठली होती, आणि दूरदूरच्या पाड्यांतून माणसे पायी निघाली होती. तेथे गोळीबार झाला व जेठ्या गांगड आणि इतर काहीजण ठार झाले. त्या पायांनी किती मजल मारली याची नोंद कोणी घड्याळ लावून केलेली नाही. पण या मुलखातील लांब पल्ल्याच्या चालीचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर तो येथूनच धरावा लागेल.

आता थोडे विलायतेकडे वळू. धावणे हा खेळ म्हणून जेव्हा नियमांत बसविला गेला, तेव्हा तो कोणासाठी बसविला? १८६६ साली लंडनमध्ये हौशी धावपटूंचा एक क्लब निघाला. हौशी कोणाला म्हणावे, याची व्याख्या करताना त्याने यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना स्पष्ट शब्दांत वगळले. पैशासाठी धावणारा नको, हे एक वेळ समजू शकते. पण जो अंगमेहनतीने पोट भरतो तो मुळातच हौशी असू शकत नाही, असे ते कलम म्हणत होते! १८८० साली ऑक्सफर्ड येथे नवी संघटना स्थापन झाली तेव्हा हे कलम गळले. कलम गळले तरी सवड कोठून आणावयाची? आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुट्टी मान्य केली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि १९४६ साली ४८. धावपटूंचे चरित्रकार हे आकडे देत नाहीत. माझ्या मते ते पहिल्या पानावर पाहिजेत, कारण चाळिशीच्या माणसाला रोजचा एक तास कोठून मिळाला हे त्यांच्याखेरीज कळत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या माणसाकडे येतो. क्लॅरेन्स डीमार हा अमेरिकेतील बोस्टनकडचा छापखान्यातला कामगार, जन्म १८८८ चा. १९११ साली बोस्टनच्या मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, हृदयाचा आवाज शुद्ध नाही असे सांगितले आणि धावणे सोडून देण्याचा सल्ला दिला. ती शर्यत तो जिंकला. पण दुसरा विजय येण्यास अकरा वर्षे लागली. १९२२ साली तो जिंकला तेव्हा ३३ वर्षांचा होता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याचे दिवस संपलेले होते. पुढे १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशा आणखी पाच वेळा त्याने तीच शर्यत जिंकली. शेवटच्या वेळी त्याचे वय ४१ होते. मध्यंतरी १९२४ साली, ३६ व्या वर्षी, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याला ब्राँझ पदक मिळाले. हे सगळे छापखान्यातील खिळे जुळवीत. सराव कसा? तर कामावर धावत जावयाचे आणि धावत घरी यावयाचे. सरावासाठी निराळी वेळ काढणे त्याला परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने जाण्यायेण्याची वेळच सरावाला दिली. १९५४ साली, ६५ व्या वर्षी, तो बोस्टनमध्ये शेवटचा धावला आणि १९५८ साली कर्करोगाने वारला. ज्या हृदयाला डॉक्टरांनी १९११ साली नावे ठेवली होती, ते मरणोत्तर तपासण्यात आले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे आले की हृदयाला रक्त पुरविणाऱ्या त्याच्या वाहिन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या.

एका माणसावरून नियम काढू नये, हे मला सभांतून पुष्कळ वेळा ऐकावे लागले आहे. म्हणून दुसरा दाखला देतो, तो हजारो माणसांचा आहे, आणि आमच्या चळवळीला जवळचा आहे. जेरी मॉरिस या डॉक्टराने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करीत. पगार जवळजवळ सारखा, गाडी तीच, शहर तेच. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत कमी निघाले. मध्यम वयातील शारीरिक हालचालीविषयीचे आजचे बरेचसे शास्त्र या जिन्यावरून सुरू झाले आहे. आमच्या एस.टी.त जिना नाही. कंडक्टर गर्दीतून वाट काढीत तिकिटे देतो आणि ड्रायव्हरची कंबर घाटाच्या वळणांत कामी येते.

तिसरा माणूस न्यूझीलंडमधील जोड्यांच्या कारखान्यातला, आर्थर लिडियार्ड. मित्राबरोबर पाच मैल धावताना धाप लागली, याची त्याला लाज वाटली, आणि त्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग सुरू केले. १९५३ आणि १९५५ साली तो आपल्या देशाचा मॅरेथॉनविजेता झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या शिष्यांनी दोन सुवर्णपदके आणि मॅरेथॉनचे ब्राँझ आणले, ही त्याची प्रसिद्ध बाजू. मला दुसरी अधिक मोलाची वाटते. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये त्याच्या प्रेरणेने प्रौढ माणसांचा रमतगमत धावण्याचा क्लब निघाला. बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, हा त्याचा नियम. त्या वर्षाअखेरीस बिल बॉवरमन हे अमेरिकन शिक्षक तेथे गेले. वय ५१. एका टेकडीवर ते मागे पडले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला मागे राहिले! बॉवरमन यांनी ही कल्पना अमेरिकेत नेली, आणि तेथून ती जगभर पसरली. प्रौढांच्या पहिल्या जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरँटो येथे भरल्या. तेव्हा पुरुष चाळिशीपासून आणि स्त्रिया पस्तिशीपासून त्यांत धरल्या जात.

आपल्याकडची गोष्ट सांगावयाची तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून सांगितली पाहिजे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकरी तरुण अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले, आणि या लोकांना परदेशी पाठवावे असे त्यांना वाटले. त्यांतूनच बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पची मॅरेथॉन धावला. २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आला. पण तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. पिकलेल्या केसांचा शेतकरी आपल्याकडे शर्यतीत दिसत नसे. जवळचे उदाहरण कविता राऊत यांचे. आमच्या मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा हे त्यांचे गाव. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये त्यांना ब्राँझ मिळाले, तेव्हा आमच्या पाड्यांतील पोरींना धावणे हा शब्द नव्याने कळला. त्यांच्या आयांना मात्र नाही.

प्रौढ वयाच्या दृष्टीने मला बारामतीच्या लता करे यांचे नाव अधिक आठवते. साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत उतरली आणि वयस्कांच्या गटात पहिली आली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. लोक डोळे पुसतात. मला मात्र राहून राहून वाटते, तपासणीचे पैसे मिळविण्यासाठी म्हातारीला धावावे लागले, यात टाळी नेमकी कशाला वाजवावयाची?

आता सरावाविषयी थोडे. चाळिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित धावणाऱ्याची घट याच्या निम्म्यापर्यंत रोखता येते. हृदयाचे अधिकांत अधिक ठोकेही वयाबरोबर कमी होतात, त्यावर इलाज नाही. खरा फरक पडतो तो थकवा भरून येण्यात. तरुण माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जोर करू शकतो. मला एका कठीण दिवसानंतर दोन सोपे दिवस द्यावे लागतात. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे, आणि भोवती सपाट रस्ता शोधून सापडत नाही. चढावर दम लागतो, पण गुडघे बिघडतात ते उतारावर. म्हणून मी घाट धावत चढतो आणि उतरताना पुष्कळदा चालतो. पावसाळ्यात शेवाळ, फाल्गुनात धूळ. नागलीची भाकरी आणि उडदाचे पिठले याहून निराळा खुराक मी केलेला नाही.

माझ्याबरोबर मोखाड्याकडचा एक गडी धावतो. वय सत्तेचाळीस, आठवड्यातून तीन दिवस, भाताची लावणी आटोपल्यावर. चढावर तो माझ्या पुढे जातो आणि वळणावर वाट पाहात बसतो. मनात आणील तर वसई-विरारच्या मॅरेथॉनमध्ये त्याच्या वयाच्या गटात तो पहिल्या काहींत यावा, असा माझा अंदाज आहे. ही शर्यत २०११ साली सुरू झाली आणि आमच्याच जिल्ह्यात होते. मुंबईची २००४ पासून. परंतु एक डिसेंबरात असते, दुसरी जानेवारीत, कारण तेव्हा हवा थंड असते. तेव्हाच वीटभट्ट्याही पेटलेल्या असतात. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. माणसे बायकापोरांसह खाली भिवंडी-वसईकडे जातात, आगाऊ उचललेली रक्कम फेडीपर्यंत राबतात, आणि पाऊस तोंडाशी आला की परततात. भट्टीवर रात्री दोन-तीनला उठून चिखल तुडवावयाचा, थापावयाचा, दिवसभर विटा वाहावयाच्या. तेथे आठवड्याचे ४८ तास कोणी मोजीत नाही, आणि १८९० च्या रविवारची बातमी अजून पोहोचलेली नाही.

गेल्या वर्षी मी त्याचे नाव नोंदविले होते. शर्यतीच्या पहाटे मी आरंभरेषेपाशी उभा होतो तेव्हा तो तेथून फार तर दीड तासाच्या वाटेवर भट्टीवर होता. सुट्टी मागितली असती तर उचलीतून खाडा कापला गेला असता, म्हणून त्याने मागितली नाही. मे महिन्याच्या अखेरीस तो परत आला, चार-पाच दिवस झोपला, आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आम्ही पुन्हा घाट धरला. यंदा भट्टीच्या हंगामाआधी, ऑक्टोबरात, जव्हारमध्येच एक शर्यत भरवावी आणि वयाचा गट चाळीसपासून ठेवावा, असा विचार आम्ही काहीजण करीत आहोत. मार्ग अजून ठरावयाचा आहे. घाट ठेवावा की टाळावा यावर दोन सभा झाल्या आहेत.