दानपेटी आणि पश्चात्तापाचे आसन : अठराव्या शतकातील स्कॉटिश ग्रामीण पॅरिश



या पाठात आपण एक साधा प्रश्न विचारणार आहोत. गावातल्या गरिबाला मदत कोणी द्यायची, आणि मदत देणाऱ्याला त्या गरिबाच्या खासगी वागण्याबद्दल विचारण्याचा अधिकार असावा का? या प्रश्नाचे एक स्पष्ट उत्तर सतराव्या-अठराव्या शतकातील स्कॉटलंडने दिले होते. तिथे धान्य, पैसा आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावरून दिल्या जात. ते टेबल कसे चालत होते हे आपण आधी समजून घेऊ. मग एअरशायर परगण्यातील मॉखलिन या पॅरिशचे उदाहरण पाहू.

१. पॅरिश आणि कर्क सेशन

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा प्रदेश. त्यात एखादे मोठे गाव, आसपासच्या वाड्या आणि शेतघरे येत. १७९० च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी सगळ्या पाळकांकडून माहिती मागवून स्कॉटलंडचा जो मोठा अहवाल छापला, त्यात ९३८ पॅरिशची नोंद आहे. म्हणजे देशाचा जवळजवळ प्रत्येक कोपरा कोणत्या ना कोणत्या पॅरिशमध्ये मोडत होता.

१५६० मध्ये स्कॉटलंडने रोमन कॅथलिक सत्ता सोडून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. नव्या चर्चमध्ये बिशपपेक्षा समित्यांना महत्त्व आले. सर्वांत खालची समिती म्हणजे कर्क सेशन. कर्क हा चर्चसाठीचा स्कॉटिश शब्द. या समितीत पाळक आणि गावातले काही वडील बसत. वडील हे पद आहे, वय नव्हे. शेतकरी, कारागीर, लहान व्यापारी असे प्रतिष्ठित पुरुष वडील म्हणून नेमले जात. सेशनच्या वर प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली अशी उतरंड होती. खालच्या समितीचा निर्णय पटला नाही तर वर अपील करता येई. ही उतरंड लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

या व्यवस्थेत जमीनदारही होते. त्यांना हेरिटर म्हणत. पाळकाचा पगार, चर्चची इमारत आणि शाळा यांचा खर्च त्यांच्या जमिनीवर पडत असे.

२. गरिबांसाठीचा पैसा कुठून येई?

१५७४ आणि १५७९ च्या कायद्यांनी प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांची जबाबदारी टाकली. मात्र मदत कोणाला मिळेल याची व्याख्या अरुंद होती. वृद्ध, आजारी, अपंग आणि अनाथ यांचाच विचार होई. धडधाकट पण बेकार माणसाला मदतीचा हक्क नव्हता. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातला हा महत्त्वाचा फरक आहे.

कायद्यात कर बसवण्याची तरतूद होती, पण बहुतेक ग्रामीण पॅरिश ती टाळत. कारण कर भरावा लागला असता जमीनदारांना. म्हणून पैसा लहान लहान वाटांनी गोळा केला जाई. आपण एक जमाखर्च मांडून पाहू.

जमेच्या बाजूला :
• रविवारी चर्चच्या दाराशी ठेवलेल्या भांड्यात पडणारी नाणी. हाच मुख्य आधार. त्यात खोटी आणि न चालणारी नाणीही निघत. ती साठवून तांब्याच्या वजनाने विकावी लागत.
• शवपेटीवर पांघरायच्या काळ्या मखमली कापडाचे भाडे. हे कापड सेशनच्या मालकीचे असे.
• लग्नाची चर्चमध्ये जाहीर घोषणा करण्याची फी.
• कोणी मृत्युपत्राने ठेवलेली रक्कम आणि ती कर्जाऊ देऊन मिळणारे व्याज.
• नैतिक गुन्ह्यांबद्दल वसूल केलेला दंड.

खर्चाच्या बाजूला : यादीवरच्या गरिबांना नियमित थोडी रक्कम, ओटचे पीठ, जोडे, सरपण, अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला पैसे, गरीब मुलांची शाळेची फी आणि शेवटी शवपेटी. सेशनच्या कारकुनाचे आणि चर्चच्या शिपायाचे मानधनही बऱ्याचदा यातूनच जाई.

दिली जाणारी रक्कम एकट्याने जगण्यापुरती क्वचितच असे. नातेवाईक, शेजारी आणि जमेल तेवढे सूत कातणे यांवर बाकीचे भागवायचे, हे गृहीत धरलेले होते. यादीवर नाव येताना त्या माणसाच्या घरातल्या वस्तूंची यादी करून त्या सेशनच्या नावे लिहून घेतल्या जात. तो वारला की खाट, भांडी, कपडे यांचा लिलाव होई आणि पैसा पुन्हा पेटीत जाई. काही पॅरिश आपल्या गरिबांना शिशाचा बिल्ला देत. बिल्ला असेल तर हद्दीत भीक मागायची मुभा. परगावच्या भिकाऱ्याला एखादे नाणे देऊन पुढे पाठवत. मदतीसाठी त्या पॅरिशमध्ये जन्म किंवा तीन वर्षांचे वास्तव्य लागे.

१६९० च्या दशकात सलग वाईट पिके आली तेव्हा ही व्यवस्था पार अपुरी पडली. माणसे रस्त्यावर मेली, अनेक जण देश सोडून गेले. लहान पेटीवर चालणारी मदत साधारण वर्षी पुरते, दुष्काळात पुरत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

या पैशावर ताबा कोणाचा, यावरूनही भांडणे झाली. १७५१ मध्ये हंबी या पॅरिशच्या खटल्यात कोर्ट ऑफ सेशनने निर्णय दिला, की गरिबांच्या पैशाचा विनियोग ठरवताना हेरिटरांनाही हजर राहण्याचा आणि मत देण्याचा अधिकार आहे.

३. शिस्त कशी चालत असे?

आता दुसरी बाजू. रविवारी काम करणे, दारूच्या नशेत गोंधळ, शिवीगाळ, शेजाऱ्याची बदनामी अशी प्रकरणे सेशनपुढे येत. पण अठराव्या शतकात सर्वाधिक वेळ जाई तो विवाहाबाहेरील संबंधांवर.

एखादी अविवाहित स्त्री गरोदर असल्याची कुजबुज वडिलांच्या कानी आली की तिला बोलावणे जाई. बापाचे नाव विचारले जाई. नाव घेतलेला पुरुष आला नाही तर पुन्हा बोलावत. तो नाकबूल झाला तर चौकशी होई, साक्षीदार येत, आणि अखेरीस त्याला शपथेवर नाकारण्यास सांगितले जाई. ती शपथ भयंकर शब्दांत असे. खोटी शपथ घेण्याची भीती अनेकांना कबुलीपेक्षा मोठी वाटे. रोझलिंड मिचिसन आणि लिआ लेनमन या इतिहासकारांनी सेशनच्या नोंदी तपासून दाखवले आहे, की नाव घेतलेल्या पुरुषांपैकी बहुसंख्य शेवटी कबूल होत.

कबुलीनंतर चर्चमध्ये सर्वांसमोर पश्चात्तापाच्या आसनावर बसणे किंवा उभे राहणे आले. पहिल्या खेपेस सर्वसाधारणपणे तीन रविवार. व्यभिचाराला याहून कितीतरी जास्त. सोबत दंड. हे टाळून पळून जावे, तर नव्या गावात राहण्यासाठी जुन्या पॅरिशचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र लागे. ते मिळण्यासाठी परत येऊन शिक्षा पूर्ण करावी लागे. पोलीस नसलेल्या देशात ही यंत्रणा अशी कागदावर चालत होती.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. सेशन बापाचे नाव का शोधत होते? पाप हे एक कारण. दुसरे कारण जमाखर्चाच्या वहीत आहे. बाप सापडला नाही तर मूल पेटीवर पडणार. बाप सापडला तर त्याच्याकडून पोटगी घेता येई. एकट्या मोलकरणीला जी गोष्ट स्वतःच्या बळावर जमली नसती, ती सेशन तिच्यासाठी करत असे. त्याची किंमत मात्र ती चारचौघांत चुकवत असे.

ही किंमत कधी जिवावर बेतणारी ठरे. १६९० च्या कायद्यानुसार एखाद्या स्त्रीने गरोदरपण लपवले, बाळंतपणात मदत मागितली नाही आणि मूल मेलेले किंवा नाहीसे झालेले आढळले, तर तिने खून केला असे गृहीत धरले जाई. शिक्षा मृत्यूची. पश्चात्तापाच्या आसनाच्या लाजेनेच मुली गरोदरपण लपवतात, अशी टीका त्याच काळात होत होती. १८०९ मध्ये हा कायदा बदलून जास्तीत जास्त दोन वर्षांच्या कैदेची तरतूद झाली.

४. मॉखलिन : एक उदाहरण

मॉखलिनचे पाळक विल्यम ऑल्ड १७४२ पासून १७९१ पर्यंत, म्हणजे जवळपास अर्धशतक त्या पॅरिशमध्ये होते. कडक शिस्तीचे म्हणून त्यांची ख्याती. त्यांच्या सेशनच्या वहीतली दोन प्रकरणे पाहू.

पहिले गॅव्हिन हॅमिल्टन या वकिलाचे. त्याच्याकडे गरिबांसाठीचा कर गोळा करण्याचे काम आले होते, आणि १७७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने सगळा हिशेब दिला नाही अशी तक्रार झाली. भरणारे स्वतःच इतके गरीब होते की वसुली झाली नाही, अशी त्याची बाजू सांगितली जाते. पुढे त्याच हॅमिल्टनवर चर्चला न येणे, रविवार न पाळणे आणि घरात प्रार्थना न करणे असे आरोप ठेवले गेले. तो प्रेसबिटरीकडे गेला आणि १७८५ मध्ये एअरच्या प्रेसबिटरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. पैशाचे भांडण आणि धर्माचरणाचे भांडण एकमेकांत कसे मिसळते, हे इथे दिसते. तसेच सेशन सर्वशक्तिमान नव्हते, हेही दिसते. मात्र अपील लढवणारा माणूस वकील होता, हे विसरू नका.

दुसरे प्रकरण हॅमिल्टनचा मित्र आणि कूळ असलेल्या एका तरुण शेतकऱ्याचे. त्याचे नाव रॉबर्ट बर्न्स, पुढे स्कॉटलंडचा राष्ट्रीय कवी. एप्रिल १७८६ मध्ये सेशनच्या कानी आले, की गवंडीकाम करणाऱ्या जेम्स आर्मर यांची मुलगी जीन गरोदर आहे आणि गाव सोडून पेझली येथे गेली आहे. चौकशीला दोन वडिलांची नेमणूक झाली. त्यांतला एक विल्यम फिशर, ज्याची बर्न्सने एका उपहासात्मक कवितेत आधीच खिल्ली उडवली होती. जूनमध्ये जीनने पत्र लिहून बर्न्सचे नाव सांगितले. बर्न्स कबूल झाला.

जुलै-ऑगस्टमध्ये तीन रविवारी त्याला चर्चमध्ये कानउघाडणी ऐकावी लागली. आसनाऐवजी स्वतःच्या बाकाजवळ उभे राहण्याची सवलत त्याला मिळाली. या तीन रविवारांच्या मधेच, ३१ जुलै १७८६ रोजी, किल्मारनॉक येथे त्याचे पहिले पुस्तक छापून निघाले. शिक्षा सोसण्यामागे त्याचा हेतू व्यावहारिक होता. ती पूर्ण केली की अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र पाळक देणार होते. तीन सप्टेंबरला जीनला जुळे झाले.

दोन वर्षांनी, ५ ऑगस्ट १७८८ रोजी, दोघे पुन्हा सेशनपुढे आले. आपण चर्चच्या विधीशिवाय विवाह केला असल्याचे त्यांनी मान्य केले. स्कॉटिश कायद्यात परस्पर संमती हाच विवाह, त्यामुळे तो वैध होता, फक्त अनियमित. सेशनने कानउघाडणी केली, विवाहाला मान्यता दिली आणि दंडाची रक्कम बर्न्सच्या उदारपणावर सोडली. त्याने गरिबांसाठी गिनीची एक नोट दिली. गिनी म्हणजे २१ शिलिंग. बर्न्सला पुढच्या वर्षी अबकारी खात्यात वार्षिक ५० पौंडांची नोकरी मिळाली, त्या हिशेबाने ही रक्कम एका आठवड्याच्या पगाराहून थोडी जास्त होते.

या एका नोटेत आपला सगळा पाठ आला. एका जोडप्याची चूक, सेशनची क्षमा आणि कोणा म्हाताऱ्या विधवेचे पीठ, तिन्ही एका ओळीत नोंदले गेले.

५. व्यवस्था का मोडली?

ही रचना एका गोष्टीवर उभी होती : गावातले सगळे एकाच चर्चमध्ये येतात, एकमेकांना ओळखतात आणि भांड्यात नाणे टाकतात. अठराव्या शतकात काही गट वेगळे चर्च काढून बाहेर पडू लागले. त्यांची नाणी त्यांच्यासोबत गेली. दुसरीकडे कापडगिरण्या आणि खाणी यांमुळे माणसे शहरांत लोटली. थॉमस चामर्स या पाळकाने १८१९ ते १८२३ या काळात ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशमध्ये ग्रामीण पद्धत शहरात चालवून दाखवण्याचा प्रयोग केला. कराशिवाय, केवळ दान आणि ओळख यांवर गरिबांना मदत करता येते असा त्याचा आग्रह होता. प्रयोग टिकला नाही.

१८४३ मध्ये खुद्द राष्ट्रीय चर्चच फुटले. शेकडो पाळक बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झाले. या फुटीचा धक्का भारतातही जाणवला. मुंबईचे जॉन विल्सन आणि कोलकात्याचे अलेक्झांडर डफ हे स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चमध्येच गेले. आता एकच चर्च सगळ्या गावाच्या वतीने दान गोळा करते, हे म्हणणे शक्य राहिले नाही. १८४५ च्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरोकियल बोर्डाकडे गेली आणि वर देखरेखीसाठी एडिनबरामध्ये मध्यवर्ती मंडळ आले. दानपेटी आणि पश्चात्तापाचे आसन वेगळे झाले.

६. समारोप

तुमच्यापैकी अनेकजण शिष्यवृत्ती, रेशन किंवा निवृत्तिवेतन यांचे अर्ज भरता, किंवा घरच्यांसाठी भरून देता. तिथे अटी असतात. काही अटी गरज तपासतात, काही वागणूक तपासतात. या दोहोंतला फरक ओळखायला मॉखलिनची वही शिकवते. गावच्या मदतीत ओळख होती, ऊब होती आणि नजरही होती. नजर काढून टाकली की ऊब राहते का, हा प्रश्न १८४५ नंतरच्या स्कॉटलंडलाही सुटला नाही. एवढे मात्र नक्की, की जीन आर्मरसारख्या हजारो मुलींची नावे आपल्याला माहीत आहेत ती त्यांना बोलावणाऱ्या समितीच्या वहीतून. वही लिहिणारे पुरुष होते. म्हणून ती वाचताना प्रत्येक ओळीमागे विचारा : हे कोणी लिहिले, आणि उभे कोणाला राहावे लागले?

विचारासाठी प्रश्न
१. कर्क सेशनच्या जमेच्या बाजूला दंड होता. याचा शिस्तीच्या निर्णयांवर काय परिणाम होऊ शकतो?
२. हॅमिल्टन आणि जीन आर्मर या दोघांना सेशनशी वागताना उपलब्ध असलेले मार्ग वेगळे का होते?
३. बापाचे नाव शोधणे हे अविवाहित मातेच्या हिताचे होते की अहिताचे? दोन्ही बाजू मांडा.
४. शहरात ग्रामीण पॅरिशची पद्धत का टिकली नसावी? तीन कारणे लिहा.